कडेवरची सायकल

घडीची सायकल हातात धरून न्यायची कशी, हे विकणारा कधीच सांगत नाही. तो फक्त घडी घालून दाखवतो. खटका ओढायचा, मधून मोडायची, हँडल खाली पाडायचं, सीट आत दाबायचं, झालं काम. जणू घडी झाल्यावर ती आपली आपण एसटीत चढून बसणार आहे. प्रत्यक्षात ती दहा-बारा किलोची, चहूबाजूंनी काहीतरी बाहेर आलेली वस्तू असते आणि धरायला म्हणून तिला जागाच नसते. सीटला धरून उचलली की मागचं चाक दर पावलाला नडगीवर आपटतं. मधल्या दांड्याला धरली की बोटं चिमटतात. खांद्यावर टाकली तर पेडल बरगडीत शिरतं आणि साखळीचं काळं वंगण शर्टाला लागतं, ते आजतागायत कुठल्या साबणानं निघालेलं नाही. असून अडचण आणि नसून खोळंबा म्हणतात ते या सायकलीला बघूनच म्हटलं असावं. तरी मी ती काही वर्षं उचलली, कारण ती आबांची होती आणि आबांना चालता येत नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांना चालता येत नव्हतं आणि सायकल चालवता येत होती. हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता ऐकणाऱ्याचा चेहरा कसा होणार ते मला आधीच कळतं. आधी माणूस हसतो, मग माझ्याकडं संशयानं बघतो. आबांना कंपवात होता. हात थरथरायचा, पण त्याचं फार काही नव्हतं. खरा त्रास पायांचा. चालता चालता पाय एकदम जमिनीला चिकटायचे. अंग पुढं झुकलेलं, टाचा किंचित वर, आणि पाऊल काही केल्या उचलत नाही. गुडघ्यात जोर असायचा, डोकं शाबूत असायचं, आणि तरीही माणूस तिथल्या तिथं उभा. असे ते अंगणात उभे राहायचे, गोठ्याच्या दारात उभे राहायचे, एकदा लघवीला निघालेले वाटेतच उभे राहिले आणि धोतर भिजलं. 

सायकलीचा शोध आबांनीच लावला. आमचं घर आणि जमीन निरवांगीला, जमिनीत तेव्हा टोमॅटो होता. दुपारी प्लॉटच्या कडेला आबांचे पाय अडकले. हाक मारून कुणी येईना. शेजारच्या दूध घालणाऱ्याची सायकल बांधाला टेकलेली होती. आबांनी हात लांबवून ती ओढली, टांग टाकली आणि सरळ घरापर्यंत आले. आईच्या हातातलं पातेलंच पडलं. मी बारामतीला असतो, ठिबकच्या सामानाचं दुकान आहे माझं. मला फोनवर सांगताना आई हसत होती की रडत होती, ते कळलं नाही. गावानं मात्र निकाल लगेच देऊन टाकला. "म्हातारं सोंग करतंय. चालायला नको आन् सायकल पायजे." पारावर बसणाऱ्यांना तेवढंच हवं असतं. बारामतीच्या डॉक्टरांना मी घाबरत घाबरत विचारलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. या रोगात होतं असं, म्हणाले. चालायचं म्हटलं की पायांना हुकूम पोचत नाही, पेडलचा पोचतो. जोवर जमतंय तोवर चालवू दे. त्यातला "जोवर" मी ऐकला आणि आबांना सांगितला नाही.

माझ्या मुलीनं पुण्यात हौसेनं घडीची सायकल घेतली होती. दोन महिन्यांतच तिच्यावर टॉवेल वाळायला लागले होते. ती तिनं आजोबांना पाठवून दिली. आबा जिथं जातील तिथं सायकल सोबत लागणार, मग ती घडीचीच हवी, हे सगळ्यांनाच पटलं. ती उचलणार कोण, हा प्रश्न त्या वेळी कुणी काढला नाही.

घरात सायकल चालत नाही. घरातली व्यवस्था आईनं केली होती. डॉक्टर म्हणाले होते, समोर आडवी रेघ दिसली की पाय उचलतो. आईनं ते एकदाच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून सडा टाकला की ती दारातल्या नेहमीच्या रांगोळीनंतर आबांच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत आणि ओट्यापासून फाटकापर्यंत आडव्या रेघा काढत जायची. एका पावलावर एक. आबा ती प्रत्येक रेघ ओलांडत चालायचे, अगदी झोकात. कोंबड्यांनी रेघ विस्कटली की आई त्यांच्यामागं ओरडत धावायची. "मेल्यांनो, त्यांची वाट हाय ती!" घरात आईच्या रेघा आणि फाटकाबाहेर सायकल, असे आबांचे दोन पाय होते. "मला कुणी उचलून न्यायचं न्हाय," एवढंच ते म्हणायचे. बाकी रोगाबद्दल कधी चकार शब्द नाही.

महिन्याला डॉक्टरांना दाखवायला आबांना बारामतीला आणावं लागे, न्यायला मी गावी जायचो. मोटरसायकलवर ते मागं कलंडायचे, म्हणून एसटी. फाट्यापर्यंत आबा सायकलवर, मी बाजूनं पळत. मग घडी. मग एका हातात आबांचा दंड आणि दुसऱ्या हातात सायकल, आणि वर कंडक्टरचं "आवरा आवरा". माझ्या नाकी नऊ यायचे. चिडचिड व्हायची आणि ती सायकलीवर निघायची, कारण आबांवर काढता येत नव्हती. मी दुकानातल्या वस्तूंवर प्रयोग केले. पाइपचा वीतभर तुकडा कापला, त्यातून दोरी ओवून मूठ केली, जड पुडक्याला करतात तशी. बोटं चिमटणं थांबलं पण सायकल गरगर फिरायला लागली. दांड्याला फोम गुंडाळला, तो दोन फेऱ्यांत फाटला. पट्टा लावून पाठीला अडकवली, तर एसटीच्या दारात मीच अडकलो आणि मागची बाई म्हणाली, "दादा, एक तर तुमी उतरा न्हायतर तिला उतरवा."

आई हे सगळं ओट्यावरून बघायची. एक दिवस तिच्यानं राहवेना. "हातात धरून कुनी वज्जं नेतं का रं? आन हिकडं." तिनं सायकल घेतली, साखळीची बाजू बाहेर केली, चाकं खाली, आणि दांड्याखालून हात घालून सायकल उचलून कडेवर बसवली. पाण्याची घागर घेतात तशी. कंबर जराशी तिरकी केली आणि अंगण ओलांडून गेलीसुद्धा. दुसरा हात मोकळा. तो हवेत हलवून तिनं मला दाखवला. "हा हात त्यांना धरायला."

मी म्हणालो, गडीमाणूस कडेवर घेतो होय काही? आई म्हणाली, "मंग पडू दे बापाला." पुढच्या खेपेपासून मी सायकल कडेवर घ्यायला लागलो. लाज वाटायची. बारामतीच्या स्टँडवर एकदा आमच्याच धंद्यातला एक जण भेटला आणि म्हणाला, "काय, लेकरू कधी झालं?" पण खरं सांगतो, त्याहून सोपी रीत मला सापडली नाही. वजन कमरेवर जातं, नडगी वाचते, बोटं वाचतात आणि मुख्य म्हणजे एक हात बापासाठी उरतो. ज्याला कुणाला अशी सायकल न्यायची असेल त्यानं लाज गुंडाळून ठेवावी आणि कडेवर घ्यावी.

पण सायकल कडेवर घेतल्यानं रोग काही थांबत नाही. ते मला भिगवणच्या स्टेशनवर कळलं. पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडं जायचं होतं, रेल्वे भिगवणहून. पूल चढायचा होता. आबा जिना भराभर चढले, कारण पायऱ्या म्हणजे रेघाच. वर सपाटीला पोचले आणि चिकटले. खाली गाडीचा भोंगा, मागं माणसांचा लोंढा. माझ्या कडेवर सायकल, वर ती उघडायला जागा नाही. मी माझं पाऊल त्यांच्या पावलापुढं आडवं ठेवून म्हणत होतो, "ओलांडा आबा, ओलांडा." पूर्वी ते जमायचं. त्या दिवशी पाऊल नुसतं थरथरलं. तेवढ्यात मासळीची पाटी घेतलेल्या एका धिप्पाड माणसानं पाटी खाली ठेवली, आबांना काखेत धरून उचललं आणि कठड्याशी नेऊन ठेवलं. त्यानं भल्यासाठीच केलं. वाट मोकळी झाली, माणसं गेली. आबा ओरडले, "हात लावू नगंस!" तो माणूस वरमला. पाटी डोक्यावर घेऊन गेला. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला त्यांचा हात वर येत नव्हता. गाडी गेली. आम्ही पुलावरच उभे राहिलो. मला त्या वेळी इतकं एकटं वाटलं की सायकल खाली रुळांवर टाकून द्यावी असं मनात आलं.

आबांची आणखी एक खोड होती. ती खोड म्हणावी की संस्कार, मला अजून ठरवता येत नाही. सायकलवरून जाताना देऊळ लागलं की उतरायचं. वडीलधारं कुणी भेटलं की उतरायचं. मयत आडवं आलं की उतरायचं, चपला काढायच्या आणि हात जोडून उभं राहायचं. आमच्याकडं आबांच्या पिढीत सगळेच तसे. पण बाकीचे नमस्कार करून पुढं जायचे आणि आबा उतरले की तिथंच खिळायचे, रोग वाढला तसा परत टांग टाकायलाही पाय उचलायचा नाही. एकदा गावातल्या एका म्हाताऱ्याचं मयत गेलं. मयत जाऊन, सरण रचून, माणसं परत आली तरी आबा रस्त्याच्या कडेला अनवाणी उभे. उन्हात. मी भडकलो. "बसल्या बसल्या हात जोडा की आबा. मेलेल्याला काय कळतंय?"

"त्याला न्हाय कळत," आबा म्हणाले. "मला कळतंय न्हवं."

मी त्यांच्या चपला उचलून त्यांच्या पायांपुढं ठेवल्या.

आणि मग आई गेली. आजारी नव्हती, कुरकूर नव्हती. सकाळी सडा टाकला, रांगोळी काढली, आबांच्या रेघा काढल्या, धार काढायला गोठ्यात गेली आणि म्हशीजवळ बसली ती उठलीच नाही. मी बारामतीहून पोचलो तेव्हा तिला ओट्यावर आणून ठेवलं होतं. आबा खाटेवर, तिच्या बाजूला. तिच्या माहेरची माणसं लोणी भापकरहून साडी घेऊन येईस्तोवर थांबायचं होतं. बायका तिच्या कपाळाला मळवट भरत होत्या आणि येणारा प्रत्येक जण म्हणत होता, अहेव गेली, भाग्याची. नवऱ्याआधी गेली म्हणून भाग्याची म्हणे. ज्याचे पाय तिनं जमिनीवर काढून दिले होते तो माणूस तिथंच बसलेला होता. त्याच्या भाग्याचं कुणी काही बोललं नाही. मला एकेकाला अंगणाबाहेर काढावंसं वाटत होतं.

माझं लक्ष गेलं तेव्हा अंगण सारवलेलं होतं. शेजारच्या बायकांनी केलं होतं, चांगल्या मनानं, रीत म्हणून. दारात मयत असताना रांगोळी ठेवत नाहीत. दारातली रांगोळी पुसताना त्यांनी रेघाही पुसल्या. त्यांना त्या रांगोळीच वाटल्या, आणि त्यांचं चूक तरी काय? ओट्यापासून फाटकापर्यंत ओलं, हिरवट, सपाट अंगण. त्यावर एक रेघ नाही.

मी चुलत भावाला बाजूला घेतलं. शेत तोच बघतो, आबांचं त्याला सगळं ठाऊक. म्हटलं, सायकल घे, आबांच्या मागं राहा, फाटकाबाहेर गेलं की उघडून दे. आणि कडेवर घे, हातात धरू नकोस. तो मान हलवत राहिला.

तिरडी उचलली. आबा उभे राहिले. ओट्याच्या दोन पायऱ्या नीट उतरले. अंगणात पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि थांबले. माझ्या हातात विस्तवाचं मडकं होतं, दोरीत अडकवलेलं, आणि मला पुढं चालायचं होतं. मी ओरडलो, "कुणीतरी रेघा मारा! रांगोळी आणा!" सगळे माझ्याकडं बघायला लागले. भावकीतले एक म्हातारे तात्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आज रांगोळी न्हाय काढायची बाळा." मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "खुळावलंय पोरगं." मी म्हणालो, मग खडूनं मारा, काठीनं मारा, कशानंही मारा. तात्या म्हणाले, "उचलल्यावर थांबत न्हाईत. चल. मागं बघू नगंस." खांदेकऱ्यांनी पावलं टाकली होती. मडकं हातात असलेल्या माणसाला दुसरा हात असून नसल्यासारखाच असतो. मी चाललो.

नदीच्या वाटेवर मध्ये विसावा आहे. तिथं तिरडी खाली ठेवतात आणि खांदे बदलतात. आम्ही तिथं थांबलो. आबा आल्याशिवाय पुढं जायचं नाही, एवढं तरी मी म्हणू शकलो आणि कुणी नाही म्हटलं नाही. ऊन डोक्यावर आलेलं. मडक्यातला धूर माझ्या तोंडावर येत होता. वाट बघता बघता मला वाटायला लागलं की आता वळणावरून आबा सायकलवर येतील, ताठ, नेहमीसारखे, आणि विसाव्याशी उतरतील आणि पुढचं पुढं बघू. मी मागं बघत होतो. तात्यांनी दोनदा टोकलं, मी ऐकलं नाही.

वळणावरून आबा आले. आईच्या माहेरच्या दोघा तरण्या भाच्यांनी मनगटात मनगट गुंफून बैठक केली होती आणि त्यावर त्यांना बसवून आणलं होतं. दोघांच्या गळ्यात त्यांचे हात आपण होऊन पडलेले नव्हते, कुणीतरी नेऊन टाकलेले दिसत होते. पाय लोंबत होते, बोटं आत वळलेली. मागून चुलत भाऊ, कडेवर सायकल. तो नंतर म्हणाला, फाटकाबाहेर आल्यावर सायकल उघडून पुढं केली होती. कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन आबा तिथवर कसेबसे आलेही होते. पण बसले नाहीत. म्हणाले, "ती म्होरं आडवी चालली, आन् मी सीटवर बसून जाऊ व्हय?" मग ते चालायला निघाले आणि फाटकाशीच उभे राहिले. बराच वेळ. विसाव्याला माणसं खोळंबलीत असा निरोप गेला तेव्हा भाच्यांनी त्यांना उचललं. "उचलू नका," असं ते म्हणाले, एकदाच. भिगवणसारखं ओरडले नाहीत.

विसाव्यावर त्यांना खाली ठेवलं तेव्हा त्यांनी आईकडं बघितलं नाही. माझ्याकडंही नाही. पुढची वाटही ते तसेच आले, भाच्यांच्या हातांवर. पाणी पाजायला त्यांचा हात धरून आईच्या ओठांशी न्यावा लागला.

त्या दिवसानंतर आबा सायकलवर बसले नाहीत. सुतक फिटल्यावर माझ्या बायकोनं अंगणात रेघा काढल्या, आई काढायची तितक्याच अंतरावर, मोजून. आबांनी त्या बघितल्या. पाय उचलला नाही. मी सायकल उघडून ओट्याला लावली, त्यांचा हात हँडलवर ठेवला. ते म्हणाले, "न्हाय येत आता." डॉक्टर म्हणाले, रोग पुढं गेला असेल. असेल. मला ते पटत नाही, पण माझ्या पटण्यानं त्यांचे पाय हलत नाहीत. दुकान मी चुलत मेव्हण्याच्या गळ्यात टाकलंय आणि निरवांगीला येऊन राहिलोय.

आता आबांना मीच उचलतो. खाटेवरून न्हाणीत, न्हाणीतून खाटेवर. माणूस उचलायची सोपी रीत मला सापडलेली नाही. काखेत धरलं तर त्यांना दुखतं, कमरेला धरलं तर ते लाजतात. कडेवर घेता येत नाही. उचलताना ते डोळे मिटून घेतात. मीही दुसरीकडं बघतो.

परवा न्हाणीच्या दाराशी माझा पाय घसरला. आम्ही दोघं भिंतीला टेकलो. पडलो नाही, पण माझा श्वास फुलला होता आणि तो त्यांना ऐकू येत होता. त्यांनी डोळे उघडले.

"लई जड झालो का रं?"

"नाही आबा."

"खोटं बोलू नगंस." मग माझी समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "थोडं दिस वढ. मंग चौघं असत्याल."

मी त्यांना पाटावर बसवलं आणि पाणी घालायला घेतलं.